एका हाताचा कापूस

"हा कोनाचा कापूस होय?"

शेटजीनं वावराच्या धुऱ्यावरून आवाज देल्ला अन् आमी सातही जनी आपापल्या तासात, झाडायच्या ओळीत, जागच्या जागी थांबलो. प्रभाकरराव त्याचं नाव. गावात किरान्याचं दुकान अन् जाम गावाच्या रस्त्याले बारा एकर कापसाची पऱ्हाटी, म्हनून सारे त्याले शेटजीच म्हनत. त्याच्या हातात मूठभर कापूस होता. बोंडाची टरफलं, वाळला पाला, काड्या, सारं त्यात गुतलेलं. तो म्हने, काल काटा करून ओसरीत ओतलेल्या एकाच गाठोड्याच्या ढिगात अर्धा कापूस पांढराशुभ्र अन् अर्धा हा असा कचऱ्यातला, जिनिंगवाला माया तोंडावर फेकन. मंग आमच्याकडे एकेकीकडे पाहून बोलला, "कोन बाई एका हातानं येचून राह्यली?"

शेटजी रागात बोलला होता, पन बोलला बरोबर.

कापूस येचाले दोन हात लागते. एका हातानं बोंड धराचं अन् दुसऱ्या हाताच्या बोटायनं आतला कापूस अलगद काढाचा. टरफल झाडाले राह्यते अन् कापूस तेवढा हातात येते. एकाच हातानं ओढला का पाला, टरफलं, सारं संग येते. माया उजवीकडच्या तासात नलू होती. तिनं उजवा हात पदराखाली पोटाशी धरला होता अन् डाव्या हातानं बोंडं ओढून राह्यली होती. उजवं मनगट असं सुजलं होतं का बांगड्या कातडीत रुतल्या होत्या. अंगठा तं दसऱ्यापासूनच वाकडा होता.

मी म्हनलं, "माया असन शेटजी. डोळ्यानं कमी दिसून राह्यलं मले." तो म्हने, मंदाबाई, मंग चष्मा लाव, नाई तं घरी बस अन् पोरगी पाठव. मले पोरगी नाई हे त्याले माहीत हाय, पन रागात मानसाले काय आठवते. तो धुऱ्याधुऱ्यानं निघून गेला. लीलाबाई त्याच्या पाठीमागं काईतरी पुटपुटली अन् आमी पुन्हा वाकलो. नलूनं मायाकडे पाह्यलं बी नाई. पाह्यलं असतं तं तिले रडू आलं असतं अन् मंग तिचं तास मांगं पडलं असतं.

आता तुमी म्हनसान, कापूस नलूचा होता तं त्यातला अर्धा पांढराशुभ्र कुठून आला. तेच तं सांगून राह्यली.

दुपारी लिंबाखाली भाकर खाल्ली का आमी आपापल्या कंबरेच्या ओट्या गाठोड्यात रिकाम्या करो. तवा मी माया ओटीतली एक मूठ नलूच्या गाठोड्यात टाको. लीलाबाई टाके. मनकर्णाबाई सत्तरीची म्हातारी, तिचंच गाठोडं केवढंसं, पन तीही टाके. कोनी कोनाले बोलून दाखवत नव्हतं. संध्याकाळी काट्यावर नलूचं गाठोडं आमच्या बरोबरीनं भरे. कमी भरलं असतं तं धीरजनं, तिच्या नवऱ्यानं, घरी इचारलं असतं का दिवसभर वावरात काय केलं, कोनासंग बसली होती. त्याचं इचारनं कसं असते ते तिच्या मनगटावर दिसून राह्यलं होतं.

हे मूठ टाकनं काई मी नाई काढलं. माया लग्नाच्या दुसऱ्या सालची गोष्ट होय. आमच्या रामाजीनं, माया नवऱ्यानं, मले बैलाच्या कासऱ्यानं मारलं होतं. पाठ अशी सोलून निघाली होती का मले ओटीची गाठ बांधता येत नव्हती. तवा मनकर्णाबाई माया बाजूच्या तासात होती. तिनं मले काई इचारलं नाई. तिनं मायी गाठ बांधून देल्ली, दुपारी माया गाठोड्यात मूठ टाकली अन् म्हनलं, घरी काई बोलजो नको, पदर खांद्यावरून घेजो. आठ दिवस तिनं मायं गाठोडं भरलं. मले लय आधार वाटला तिचा. मंग पुढं मी बी कोनाकोनाचं भरलं. आमच्या टोळीत अशी बाई नाई का जिचं गाठोडं कधी ना कधी दुसरीनं भरलं नाई. मले वाटे, हे आमी पुन्याचं काम करून राह्यलो. आता तुमी असे पाहू नका मायाकडे, तवा खरंच वाटे.

नलू केळझरकडली. बाप तिचा गनपतीच्या देवळापुढं नारळफुलं इके. पोरगी हसरी होती, पहिल्या साली तासात गानं म्हने अन् आमच्या पुढं निघून जाये. दुसऱ्या साली तिच्या पोटात होतं ते धीरजच्या लाथेनं गेलं. सासूनं, प्रमिलाबाईनं, गावात सांगतलं का सून जिन्यावरून पडली. आमच्या गावात जिना असलेलं घर एकच, शेटजीचं. पन कोनी काई म्हनलं नाई. मी बी नाई म्हनलं.

त्या हंगामातली आनखी एक गोष्ट हाय, ते सांगाले मले शरम वाटते. एक दिवस नलू येचता येचता मले म्हनाली, "मावशी, मारते त्याचं सांगता येते. रात्री नाई म्हनलं का तोंडात बोळा कोंबते अन् मंग जे करते ते कोनाले सांगू?" नजर बोंडावर, हात चालूच. अन् मी काय म्हनलं असन? मी म्हनलं, नवराच हाय तुया, परका थोडीच हाय. ती पुढच्या बोंडाकडे सरकली. संध्याकाळपर्यंत मायासंग बोलली नाई. मी त्या दिवशी तिच्या गाठोड्यात दोन मुठी जास्त टाकल्या.

तं शेटजी ज्या दिवशी धुऱ्यावरून ओरडला, त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी आभाळ भरून आलं. डिसेंबर महिना, पऱ्हाटी पांढरी झालेली, अन् वरून हे काळं आभाळ. शेटजी धावत आला. थेंब पडाले लागले तशी त्यानं बैलबंडी आनली, आमची गाठोडी बांधली तशीच तिच्यावर टाकली अन् आपल्या ओसरीत नेऊन ठेवली. म्हने, काटा उद्या करू, आज घरी जा. ओळखाची काई अडचन नव्हती. जिची तिची गाठोड्याची चिंधी ठरलेली. नलूचं गाठोडं तिच्या मायच्या पोपटी लुगड्यात बांधलेलं असे.

काटा झाला नाई, हेच नलूले भोवलं. धीरजनं तिले इचारलं, आज किती भरला. ती म्हनाली, काटाच नाई झाला. त्याले ते खोटं वाटलं. साऱ्या हंगामात आमी मुठी टाकटाकून जे झाकत आलो होतो, ते एका दिवसाच्या शितोड्यानं उघडं पडलं. पन हे मले दुसऱ्या दिवशी समजलं.

सकाऊन मी आंगनात सडा टाकून राह्यली होती. नलू आली. पायात काई नाई, केस सुटलेले, कपाळावर रक्त वाळलेलं. उजवा हात कोपरापासून असा लोंबून राह्यला होता का मायी बादलीच खाली पडली. ती रडत नव्हती. म्हनाली, "मावशी, मी आता वापस नाई जात. मले जामले, एसटीपर्यंत, घेऊन चाल. तिथून मी ठान्यात जाईन. तू नाई आली तरी जाईन."

मी तिले आत घेतलं, हळद लावली, जुन्या लुगड्याची झोळी करून हात गळ्यात बांधून देल्ला. खरं सांगू, मले भेव वाटलं. ठान्यात काय बोलाचं, कोन काय इचारन. रामाजी खाटेवरून म्हने, आधी समितीले सांगा, थेट ठान्यात गेलं तं गाव तोंडात शेन घालन. मले ते पटलं, म्हनजे मले पटवून घ्याचं होतं. मी शेटजीच्या घरी निरोप धाडला.

त्या साली तंटामुक्तीची योजना गावोगाव नवीन आलती. गावातलं भांडन गावातच मिटवाचं. गाव असं तंट्याबिगर राह्यलं तं सरकारचं बक्षीस. शेटजी समितीचा अध्यक्ष. मानूस वाईट नाई तो. धुऱ्याची दोन जुनी भांडनं त्यानं चांगली मिटवली होती, दोन भावायले एका ताटात जेववलं होतं. पन त्या बक्षिसाचं त्याच्या डोक्यात बसलं होतं. त्यानं तं फाट्यावर पाटी बी रंगवून ठेवली होती, आमचं गाव तंटामुक्त गाव, अन् खाली सालाची जागा तेवढी रिकामी. नलू ठान्यात गेली असती तं ते साल काई भरलं नसतं.

दुपारी मारोतीच्या देवळापुढच्या मंडपात बैठक भरली. मानसं सतरंजीवर, आमी बाया कडेले खाली. आभाळ तसंच काळं. शेटजीनं समझोत्याचा कागद लिहूनच आनला होता. यापुढं नीट नांदू, काई तक्रार नाई, असं त्यात. नलूची सही झाली का तिनं त्याच पावली धीरजसंग घरी जाचं होतं. ती माया बाजूले बसली होती अन् तिचं सारं आंग थरथरून राह्यलं होतं. ते फक्त मले समजत होतं, कारन तिचा खांदा माया खांद्याले लागला होता.

पहिले प्रमिलाबाई बोलली. म्हने सून न्हानीत घसरली, शेवाळ झालं हाय, मी कवापासून म्हनून राह्यली घासा म्हनून. मंग धीरज उठला. केस इंचरलेले, पांढरा सदरा. हात जोडून म्हने, मी हात लावला असन तं मायी जीभ झडो. त्याचा आवाज असा गोड का नवीन मानसाले खरंच वाटावं. मानसायतून कोनी म्हने नवराबायकोचं कुठं होत नाई, कोनी म्हने दोघायनं बी जरा दमानं घ्यावं. शेटजीनं नलूले इचारलं. ती उभी झाली अन् म्हनाली, "मारते. रोज मारते. रात्री बी सोडत नाई." सगळे खाली पाहू लागले. धीरज तेवढा तिच्याकडे पाहून राह्यला होता.

शेटजीनं टोपी काढून मांडीवर ठेवली. तो आवाज चढवून नाई बोलला, समजावून सांगतल्यावानी बोलला.

"हे पाह्य नलू, मी तुले खोटी नाई म्हनत. पन मी बी कापसातला मानूस होय. दसऱ्यापासून माया काट्यावर तुयं गाठोडं एक दिवस कमी भरलं नाई. मंदाबाईएवढं, लीलाबाईएवढं. रोज मार खाऊन, हात मोडून, कोनी बाई एवढा कापूस येचन काय? तूच सांग."

मानसायनं माना हलवल्या, बरोबर हाय म्हनून. धीरजच्या तोंडावर मी पाह्यलं, त्यानं ओठ आवळले होते, हसू दाबाले. अन् नलूनं मायाकडे पाह्यलं. नुसतं पाह्यलं. मायं नाव घेतलं नाई, मुठीचं काई बोलली नाई. ते बायायचं बायायत राहाचं होतं, मानसायपुढं काढाचं नव्हतं, अन् तिनं ते तशाही येळी पाळलं.

तिच्यापुढं कागद आला. कोनीतरी पेन देल्ला. उजवा हात झोळीत, म्हनून तिच्या डाव्या हातात देल्ला. एवढी मानसं बसली होती, पेन डाव्या हातात देल्ला हे साऱ्यायनं पाह्यलं, अन् एकाच्याही ध्यानात आलं नाई का आपन काय करून राह्यलो. मले एवढा संताप आला. त्यायचा आला अन् त्याहून जास्त मायाच आला. हिले तं आमीच खोटी पाडलं होतं. एकेक मूठ टाकून टाकून आमी तिचा मार झाकला, अन् आज तोच कापूस तिच्या इरोधात बोलून राह्यला होता.

मी उठली. मी म्हनलं, "शेटजी, कालची गाठोडी तुमच्या ओसरीतच हायेत ना? त्यातलं पोपटी लुगड्याचं आना."

तो म्हने, आता कापसाचं काय मधात. मी म्हनलं, आना तं. तो उठत नाई पाहून मनकर्णाबाईच काठी टेकत निघाली. मंग त्याले राहवलं नाई. त्याच्या घरून गाठोडं आलं. मी ते सतरंजीवर मधोमध ठेवलं, गाठ सोडली अन् कापूस दोन्ही हातायनं पसरवला. पांढरा कापूस येगळा दिसे, कचऱ्याचा येगळा. मी दोन ढीग केले.

"काल तुमी धुऱ्यावरून काय इचारलं होतं?" मी म्हनलं. "कोन बाई एका हातानं येचून राह्यली, असंच ना? मी खोटं बोलली. माया डोळ्यायले काई झालं नाई. हा कचऱ्याचा कापूस नलूचा होय. हा पांढरा माया, लीलाबाईचा, मनकर्णाबाईचा. घरी मार पडू नये म्हनून आमी रोज तिचं गाठोडं भरून देल्लं. तुमच्या काट्यावर तिचा कापूस नाई भरला शेटजी, आमच्या मुठी भरल्या."

धीरज उठून म्हने, या बाया मिळून खोटं रचून राह्यल्या. त्याच्याकडे कोनी पाह्यलं नाई. शेटजी खाली वाकला. मानसं समजो ना समजो, कापूस त्याले समजते. त्यानं कचऱ्याच्या ढिगातला एक पुंजका घेतला, बोटायनं उकलला, टरफलाचा तुकडा काढून पाह्यला. मंग पांढऱ्यातला घेतला. दोन्ही पुंजके तळहातावर शेजारी ठेवले. मंग म्हने, "कवापासून?"

मी म्हनलं, सीतादहीच्या दिवसापासून. पहिल्या येचनीची पूजा केली, दहीभात वाहिला, त्या दिवशी हिचा अंगठा मोडलेला होता. नैवेद्य हिनं डाव्या हातानं ठेवला, तुमी तिले टोकलं बी होतं.

"अन् त्याच्या आधी?" त्यानं इचारलं. कशाले इचारलं कोन जाने. पन इचारलं.

रामाजी खांबाले टेकून बसला होता. मी त्याच्याकडे पाहून नाई बोलली. मी म्हनलं, "त्याच्या आधी मायं भरलं होतं. मनकर्णाबाईनं. आठ दिवस."

साऱ्या गावानं रामाजीकडे पाह्यलं. तो सतरंजीचा दोरा ओढत बसला. मनकर्णाबाई बसल्या जागेवरून म्हनाली, "मायं जिनं भरलं होतं ते बाई मेली. तिचं नाव बी आता कोनाले आठवत नसन." आमच्यातली आनखी एक बाई तोंडावर पदर घेऊन रडू लागली. लीलाबाई मात्र पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसली. तिचं मी किती येळा भरलं ते मलेच माहीत हाय. पन तिचा नवरा दोन हातावर बसला होता. मी तिचं नाव घेतलं नाई.

शेटजी उठला. पहिले काय बोलला असन? म्हने, "म्हनजे तुमीच माया कापूस खराब केला." मांगून कोनीतरी हसलं. तो नाई हसला. त्यानं नलूच्या हातातून पेन घेतला अन् म्हने, कागद राहू द्या आज, उद्या सकाऊन पाहू.

उद्या म्हनजे आजची रात्र नलू धीरजच्या घरी. मले ते बरोबर समजलं.

मी म्हनलं, "उद्या नाई. हिचा कागद ठान्यात झाल्याबिगर आमी सातही जनी वावरात पाय ठेवत नाई. आभाळ पाहून घ्या अन् काय ते आताच ठरवा."

हे मी कोनाले इचारून नाई बोलली. बाकीच्या हो म्हनतीन का नाई, मलेच माहीत नव्हतं. रोजानं पोट भरनाऱ्या आमी. पन कोनी नाई बी म्हनलं नाई. बारा एकर पऱ्हाटी फुटून उभी होती. एक पाऊस पडला का सारा कापूस मातीत जाचा होता. शेटजीनं मान वर करून आभाळ पाह्यलं. मंग नलूच्या झोळीतल्या हाताकडे पाह्यलं. मंग आपल्या टेम्पोवाल्याले आवाज देऊन म्हने, गाडी काढ, या बायायले जामले नाई, थेट तालुक्याले नेऊन घाल. त्यानं हात पाहून टेम्पो देल्ला का आभाळ पाहून, हे मले आजही समजलं नाई. पन देल्ला.

टेम्पोत कोन कोन बसन, मी पाहूनच राह्यली होती. सगळ्यायच्या आधी लीलाबाई चढून बसली. नवरा तिचा खालून हाका मारून राह्यला होता. तिनं ऐकलंच नाई असं केलं.

दवाखान्यात हाताचा फोटो काढला. डॉक्टरीनबाईनं तो उजेडात धरून दाखवला. हाड कालच मोडलं होतं, अन् त्याच्याच खाली मनगटापाशी दुसरं जुनं मोडून वाकडं जुडलेलं होतं. ती म्हने, या हातानं ही बाई दोन महिने काम करून राह्यली होती? कोन होतं तिच्यासंग? मायी मान खाली गेली. ठान्यात एका पोलीस बाईनं लिहून घेतलं. नलूनं माराचं सांगतलं, अन् रात्रीचं बी सांगतलं, सारं. मी दाराशी उभी होती, मले ऐकू येत होतं. मी तिले त्या दिवशी वावरात जे म्हनलं होतं, तेवढं तिनं सांगतलं नाई.

धीरजले धरून नेलं. तो पंधरा दिवसात सुटून बी आला अन् गावात पांढरा सदरा घालून फिरतेही. कोर्टात तारखा पडून राह्यल्या. बक्षीस त्या साली आलं नाई. आनखी दोन भांडनं ठान्यात गेलती, जुगाराचं येगळंच, पन गावानं खापर आमच्याच डोक्यावर फोडलं. पान्याले गेलं का लोकं म्हनत, त्या सात बायायनं गावाचं नाक कापलं. फाट्यावरच्या पाटीवर सालाची जागा अजून रिकामीच हाय. प्रमिलाबाई तं मले पाहून थुकते.

रामाजी चार दिवस मायासंग बोलला नाई. पाचव्या दिवशी भाकर खाता खाता म्हने, लोकात सांगाची काय गरज होती. मी म्हनलं, मारलं होतं का नाई? तो घास हातात धरून बसला. मंग म्हने, मारलं होतं. तीस सालात पहिल्यांदा तो हो म्हनला. त्यापेक्षा जास्त काई बोलला नाई, अन् मी बी त्याले वाढत राह्यली.

नलू मनकर्णाबाईच्या घरी राहाले गेली. बाप आलता केळझरवरून न्याले, पन ती म्हनाली का मी इथंच राहीन, येचन अन् खाईन. संक्रांतीच्या मांगून तिच्या हाताचं पलस्तर निघालं. शेवटची येचनी तवा चालू होती, झाडाले बोंडं थोडी. पहिल्याच दिवशी ती वावरात आली अन् माया उजवीकडचं तास धरलं. उजव्या हाताची बोटं अजून नीट मिटत नव्हती. ती बोंडाले हात लावे, थांबे, पुन्हा लावे. आमी पुढं निघून गेलो अन् ती मांगं राह्यली. मले मांगं वळून पाहाले होईना.

दुपारी लिंबाखाली ओट्या रिकाम्या केल्या. मी काई इचार नाई केला, एवढ्या सालाची सवय, मायी मूठ आपोआप भरली अन् तिच्या पोपटी गाठोड्याकडे गेली. नलूनं डाव्या हातानं मायं मनगट धरलं. तिचा हात चांगलाच घट्ट होता.

"नको टाकू मावशी," ती म्हनाली. "जेवढा निघते तेवढाच दिसू दे."

मी मूठ परत माया गाठोड्यात नेऊन सोडली. लीलाबाईनं बी आपला हात मांगं घेतला.

संध्याकाळी शेटजीनं काटा लावला. आमची गाठोडी एकेक करून चढली. शेवटी नलूचं चढलं. काटा हलला अन् थांबला. शेटजीनं वाकून पाह्यलं, गाठोडं नीट ठेवून पुन्हा पाह्यलं. आमच्या निम्म्यानं बी नव्हता. तिथं सालदार होते, बंडीवाला होता, धुऱ्यावर चारदोन मानसं उभी होती. शेटजी एकदम हळू आवाजात म्हने, "नऊ किलो."

"मोठ्यानं सांगा शेटजी," नलू म्हनाली. "साऱ्यायले ऐकू जाऊ द्या."